पांढरं लावलेला बोल्ट

मित्रांनो, माझं डोकं असं बोडकं आणि ठेचलेलं का, असं आल्या आल्या विचारू नका. तेच तर सांगायला बसलोय. एके काळी मला सहा स्वच्छ कोपरे होते आणि पाना माझ्यावर टोपीसारखा चपखल बसायचा. मी एक जुना बोल्ट आहे. मोटरसायकलच्या इंजिनाला पोटाखाली एक भोक असतं, जुनं ऑइल काढून टाकायचं. त्या भोकाचं तोंड बंद करून बसणं एवढंच माझं काम. आता मी खिडकीतल्या एका बशीत पडून असतो. सोबतीला शर्टाची सुटी बटणं आणि एक वाळलेलं रबर.

लोकांनी मला फार नावं ठेवली. हट्टी म्हणाले, मुर्दाड म्हणाले. एकाने तर आईवरून शिवी दिली. आता मला कुठली आई, मी भट्टीतून आलेला, तरी लागायचं ते लागलंच. पण मी हट्टी नव्हतो. मला घट्ट धरून ठेवलं होतं. कुणी आणि कशाने, हे सांगायला मला तोंड नव्हतं, आणि ज्याला होतं त्याचं बोलणं कुणाला कळलं नाही.

माझा जन्म काही फार मोठा नाही. लोखंडाच्या लांब सळीचा एक तुकडा कापला, यंत्राने त्याचं डोकं चेपलं, अंगावर गोल गोल आटे पाडले, झाला बोल्ट. माझ्याबरोबरचे काही आरशाला लागले. ते मिरवायचे, त्यांना रस्ता दिसायचा, झाडं दिसायची. माझ्या वाट्याला इंजिनाचं पोट आलं. वर गरम काळं ऑइल आणि खाली पळणारी जमीन. सुरुवातीला मी मनातून खट्टू झालो होतो, खोटं कशाला बोलू? पुढे कळलं की आरशाचा बोल्ट पडला तर फक्त आरसा पडतो. मी पडलो तर ऑइल सांडेल आणि इंजिन जागच्या जागी जळून बसेल. मग मी गपचूप आपली जागा धरून बसलो.

माझा मालक नळाची कामं करायचा. घरोघरी पाइप जोडायचे, गळक्या तोट्या दुरुस्त करायच्या, टाक्या बसवायच्या. अंगाने बारीक, पण मनगट असं की त्याने लावलेलं झाकण दुसऱ्या कुणाला उघडायचं नाही. कोणतीही गोष्ट आवळून झाली की तो शेवटी आणखी एक झटका द्यायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "गळायला नको." पाइपला म्हणायचा, तोटीला म्हणायचा, आणि साखरेच्या बरणीलासुद्धा. मालकीणबाई मग बरणी घेऊन त्याच्यामागे फिरायच्या. साखर काय गळणार आहे का हो, असं विचारायच्या. तो हसून बरणी उघडून द्यायचा आणि परत लावताना परत तेच.

सुट्टीच्या दिवशी तो लेकीला पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसवून गावाबाहेरच्या टेकडीवर न्यायचा. तिथे गावाला पाणी पुरवणारी मोठी टाकी होती. तिच्या कट्ट्यावर बसलं की सगळी घरं दिसायची. हे छप्पर दिसतंय ना, त्याखालचा पाइप माझा, ती पिवळी भिंत, तिथलं न्हाणीघर माझं, असं तो लेकीला दाखवायचा. लेक मोठी झाली, मागे बसू लागली, मग चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. तिथे ती मुंगीएवढे स्क्रू चिमटीत धरून फिरवायची. तरी टेकडीवर जाणं चालूच राहिलं. ते दोघं वर बसले की खाली इंजिन गार होताना टिक टिक वाजायचं आणि मला फार बरं वाटायचं.

मग मी गळायला लागलो. म्हणजे मी नव्हे, माझ्याखालची तांब्याची चकती. वॉशर म्हणतात तिला. ती झिजली आणि माझ्या कडेने ऑइलचा एक एक थेंब फरशीवर पडू लागला. मालकीणबाई रोज तो काळा डाग पुसायच्या आणि रोज बोलून दाखवायच्या. अख्ख्या गावाचे नळ बंद करता आणि आपल्याच दारात टपटप! शेजारीण ऐकत असली की आवाज जरा चढायचा. मालक वरवर हसायचा, पण त्याला ते झोंबलं. नळवाल्याच्या घरात गळती म्हणजे काय, तुम्हीच विचार करा.

एका सकाळी तो माझ्यासमोर उताणा झोपला. नवी चकती हाताशी नव्हती आणि धीर त्याहून नव्हता. मग त्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं. माझ्या आट्यांवर तागाचा धागा गुंडाळला आणि वरून तो पांढरा घट्ट लेप फासला. पाइपच्या सांध्याला लावतात तो. दुकानदार त्याला सफेदा म्हणतात, पण मालक आणि त्याचा जोडीदार नुसतं 'पांढरं' म्हणायचे. पांढरं दे, पांढरं कमी पडलं, असं. ते वाळलं की दगड होतं. मग पाइप सोडवायचा तर सांधा तापवावा लागतो, दुसरा इलाज नाही. इंजिनाला कुणी पांढरं लावत नाही, मित्रांनो. हे फक्त नळवाल्यालाच सुचणार. त्याने मला आवळलं, मग आणखी एक झटका दिला आणि म्हणाला, "गळायला नको."

त्यानंतर एक थेंब पडला नाही. मालकीणबाईंनी फरशीवर ओणवून बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, आता कसं! बस्स, एवढीच शाबासकी, पण मालक दिवसभर शीळ घालत होता. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. गॅरेजवाल्याला कळलं असतं तर त्याने चहाच्या टपरीवर दवंडी पिटली असती की नळवाल्याने इंजिनाला पाइपचा सांधा केला.

आणि मग त्याला झटका आला. एका जिन्याखाली पाइप जोडता जोडता तो बाजूला कलंडला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि बोलणं गेलं होतं. सगळं आतल्या आत कळायचं, बाहेर मात्र 'हं' आणि 'नको' एवढंच यायचं. त्याची खुर्ची खिडकीशी ठेवली. खिडकीबाहेर अंगणात आम्ही, म्हणजे मोटरसायकल आणि तिच्या पोटाशी मी. तो दिवसभर आमच्याकडे बघत बसायचा. आमच्यावर धूळ बसली, टायर खाली बसले, पत्र्यावरून ठिबकणारं पाणी कुठून कुठून आत शिरलं. फडका मारायलाही कुणाला सवड नव्हती. मी तक्रार करत नाही, त्या घरात तेव्हा माणसाचंच करता करता दमछाक होत होती.

मालक हळूहळू आधाराने बसू लागला. तेव्हा लेकीने मनाशी काहीतरी ठरवलं. ती एक रुंद पट्टा घेऊन आली आणि खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली. मला सगळं ऐकू येत होतं, खिडकी उघडीच होती.

"बाबा, मी तुम्हाला टाकीवर नेते," ती म्हणाली. "मी चालवीन, तुम्ही मागे बसा. हा पट्टा आपल्या दोघांभोवती बांधू. अगदी हळू जाऊ."

मालक अर्ध्या तोंडाने हसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मालकीणबाई आतून कुरकुरल्या, पण त्यांनीच त्याचा बाहेर जायचा शर्ट धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावला. त्या दिवसापासून त्या घरात एकच गोष्ट अडली होती, मोटरसायकल सुरू व्हायची.

गॅरेजवाला आला. माणूस वाईट नव्हता, जरा घाईचा होता. त्याने ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली आणि तोंड वाकडं केलं. ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दुधाळलं होतं. हे सगळं खालून निघाल्याशिवाय किक मारायची नाही, इंजिन बसेल, असं त्याने बजावलं. मग तो माझ्याकडे वळला. पाना लावला, ओढला. मी ढिम्म. त्याने पान्याला लांब पाइप अडकवला आणि लोंबकळला. मी ढिम्म. गंज सोडवायचं तेल मारलं, उद्या बघू म्हणाला. पण मला गंज चढलाच नव्हता, तेल काय करणार?

दुसऱ्या दिवशी त्याने छिन्नी आणि हातोडा काढला. पहिला घाव बसला आणि खिडकीतून आवाज आला.

"पांढरं!"

झटक्यानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून वेगळा शब्द आला होता. लेक धावत आत गेली, मालकीणबाई हात पुसत आल्या. मालक डावा हात खिडकीबाहेर काढून माझ्याकडे दाखवत होता आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. गॅरेजवाल्याने मान हलवली. म्हणाला, "हो काका, बघितलं मी. पांढरंच झालंय ऑइल. म्हणून तर काढतोय ना."

इतकं बिनचूक उत्तर होतं ते की कुणी पुढे विचारलंच नाही. मालक बोलला, तोही अर्थ लागेल असं बोलला, याचाच सगळ्यांना केवढा आनंद झाला. मी तिथे ठेचला जात होतो आणि मनातल्या मनात ओरडत होतो की अरे, ऑइल नाही, मी! माझ्या आट्यांमध्ये बघा!

मालकाने हार मानली नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी तो पुन्हा पांढरं म्हणाला. मालकीणबाईंनी चहात आणखी दूध घातलं. त्याने कप बाजूला सारला. मग तो डाव्या हाताने खूण करू लागला, काडी ओढून पेटवल्याची. पुन्हा पुन्हा तीच खूण. मला कळलं. तापवा, म्हणत होता तो. पण त्याने विडी सोडून बरीच वर्षं झाली होती आणि ती सोडवताना मालकीणबाईंनी जिवाचं रान केलं होतं. त्यांचा तोलच गेला.

"विडी हवी होय तुम्हाला? या अवस्थेत? काही लाज?" त्या म्हणाल्या. "फार हट्टी झालात तुम्ही."

मालकाचा हात हवेतच राहिला, मग मांडीवर आला. मित्रांनो, मला शिव्या बसल्या, घाव बसले, पण तो हात खाली येताना बघितला तेव्हा जे झालं तसं मला कधी झालं नाही. मलाही हट्टीच म्हणत होते. आम्ही दोघंही तिथे खिडकीच्या आत आणि बाहेर तसेच बसून राहिलो, सगळं माहीत असून.

गॅरेजवाला येत राहिला. त्याने माझे कोपरे गोल केले, पाना घसरू लागला. लेकीने एकदा विचारलं की थोडं तापवून बघायचं का. तो म्हणाला, आत ऑइल, वर पेट्रोल, आगीशी खेळ मला जमणार नाही. त्याचंही चूक नव्हतं. लेकीने मग शेजाऱ्यांची गाडी मागून आणली. हिच्यावरून जाऊ या, टाकी तर तीच आहे, असं म्हणाली. मालक म्हणाला, "नको." त्याला त्याच्याच गाडीवरून जायचं होतं. शेवटी गॅरेजवाल्याने सांगितलं की आता इंजिनच उतरवून कारखान्यात न्यावं लागेल, आधीची कामं उरकली की टेम्पो घेऊन येतो. लेकीने खुंटीवरचा शर्ट झटकून परत टांगला.

टेम्पो यायच्या आधीच मालक गेला. दुपारची वेळ होती, जेवण झालं होतं, मालकीणबाई ताट उचलायला वळल्या आणि परत आल्या तोवर त्याची मान खिडकीकडे कलली होती. तो माझ्याकडेच बघत होता. मग त्यांनी आधी ताट खाली ठेवलं आणि मगच हाक मारली.

त्या दिवसांत अंगणात खूप चपला जमल्या. मालकाला इस्त्रीचा तोच शर्ट घातला होता. टेम्पो आला, लेकीने तो परत पाठवला. आता कशाला, एवढंच म्हणाली.

काही दिवसांनी मालकाचा जोडीदार आला. दुसऱ्या गावी मोठ्या इमारतीचं काम घेऊन गेला होता, निरोप उशिरा मिळाला. ताडासारखा उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. आत बसवेना म्हणून तो अंगणात आला आणि मोटरसायकलजवळ उकिडवा बसला. कामाचा माणूस, नजर आपोआप सांध्याकडे जाते. त्याने माझ्या कडेला नख लावलं. पांढरी भुकटी निघाली. तागाचा एक तंतू निघाला. तो एवढ्या दुःखात हसला, मग रडला.

"काय म्हणावं या माणसाला," तो म्हणाला. "इंजिनाला पांढरं लावून ठेवलंय!"

लेक दारात उभी होती.

"लंबूकाका, काय लावलंय म्हणालात?"

"पांढरं. सफेदा गं. आम्ही पांढरंच म्हणतो."

मग तिने त्याला सगळं सांगितलं, खिडकीतून आलेला शब्द, ऑइल, चहातलं दूध. लंबू ऐकत गेला आणि त्याची मान खाली गेली. मी इथे असतो तर, असं म्हणाला. मग तो उठला. घरात खुंटीला मालकाची कामाची पिशवी तशीच होती. त्यातून त्याने डाख द्यायचं अवजार काढलं, लांब दांड्याचा तांब्याचा ठोकळा. हा चुलीवर लाल तापवायचा आणि बोल्टाच्या डोक्याला टेकवायचा, ज्योत जवळ न्यायची गरज नाही, असं त्याने समजावलं आणि पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. लेकीने ठोकळा आईच्या हातात दिला.

मालकीणबाई स्वयंपाकघरात गेल्या, उघड्या खिडकीतून मला त्या दिसत होत्या. काडेपेटी घेतली, काडी ओढली. आणि त्यांचा हात हवेत तसाच राहिला. काडी बोटांपर्यंत जळत आली तरी त्या हलल्या नाहीत. लेकीने फुंकर मारून ती विझवली.

"ते हे म्हणत होते," मालकीणबाई म्हणाल्या. "काडी. तापवा म्हणत होते. आणि मी त्यांची लाज काढली गं."

लेकीने त्यांना जवळ घेतलं. दुसरी काडी लेकीनेच ओढली.

गरम तांबं माझ्या डोक्याला टेकलं आणि आतलं ते दगड झालेलं पांढरं मऊ पडू लागलं. लंबूने एक जुना पाना ठोकून माझ्यावर बसवला आणि बाजूला झाला, तू फिरव म्हणाला. लेकीने हात लावला. चष्म्याच्या दुकानात ती जशी स्क्रू फिरवते, तशी, जराही जोर न करता. मी वळलो. इतक्या सहज वळलो की माझी मलाच शरम वाटली. माझ्यामागून ते दुधाळ ऑइल खाली घमेल्यात आलं आणि मालकाने दिलेला तो शेवटचा झटका सुटला. मला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

नंतर नवा बोल्ट आला, नवी चकती आली, नवं ऑइल आलं. गॅरेजवालाही आला, माझ्या आट्यांकडे बघून त्याने कपाळाला हात लावला आणि खिडकीकडे बघितलं. टायरांत हवा भरून, प्लग पुसून त्याने किक मारली. इंजिन धडधडलं. मालकीणबाई पटकन आत गेल्या आणि खुर्चीपाशी जाऊन खिडकी पूर्ण उघडली. खुर्चीत कुणी नव्हतं. तरी उघडली. लेक टेकडीवर एकटीच गेली आणि लवकर परत आली. मागे कुणी नाही तर गाडी हलकी लागते, असं आईला म्हणाली. तो रुंद पट्टा अजून दारामागे आहे.

मला फेकून द्यायला निघाले होते. मालकीणबाईंनी अडवलं, मला बशीत ठेवलं आणि लेकीला बजावलं की त्याचं पांढरं घासायचं नाही. रोज बशी उचलून खालची धूळ पुसतात, मला मात्र फडका लावत नाहीत.

मित्रांनो, वस्तूंना जपा हे तर मी सांगीनच. गाडी उभी असली तरी तिच्यावर फडका मारत जा, आणि आवळताना जरा बेताने. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. काही अडलं, हलेना झालं, तर हातोडा उचलण्याआधी विचारा की हे कुणी लावलं होतं आणि कशाने. आणि तुमच्या घरात कुणी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर पहिला अर्थ लागला म्हणून उठू नका. बसा त्याच्याजवळ. आणखी विचारा. त्याच्याकडे तेवढा एकच शब्द उरलेला असतो.

माझ्यावर बसलेल्या घावांनी त्या भोकाची कड जरा दबली आहे, त्यामुळे नवा बोल्ट कधीमधी एखादा थेंब सोडतो. लेक परवा पाना घेऊन खाली वाकली होती, आणखी एक झटका द्यायला. मालकीणबाई फडकं घेऊन फरशीवरचा डाग पुसत होत्या. त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "गळू दे."